लांबलेला पावसाळा व हिवाळी पाहुणे पक्षी

भाद्रपद सरून आश्विन लागला, पावसाची झड थांबली आणि कुळवलेल्या रानात शेपटी खालीवर हलवीत धावणारा परीट दिसू लागला, म्हणजे पावसाळा परतला असे जाणते शेतकरी समजतात. ह्या समजुतीस चांगला आधार आहे. परीट, ज्यास काही भागांत धोबी म्हणतात, तो हिमालयात व त्यापलीकडे मध्य आशियात आणि सायबेरियात अंडी घालतो, पिले वाढवितो आणि तिकडे थंडी सुरू होण्यापूर्वी दक्षिणेकडे उतरतो. त्याच्या मागोमाग भिंगऱ्या, भोवत्ये, थापट्या, तलवार बदके, चक्रवाक, पट्टकादंब आणि लहानमोठे तुतवार येतात. भोरड्या तर त्या सर्वांच्याही आधी निघालेल्या असतात. उत्तरेकडील प्रदेशातून भारतात उतरणाऱ्या ह्या आकाशमार्गास मध्य आशियाई उड्डाणमार्ग असे नाव असून तो सुमारे तीस देशांवरून जातो. त्याचा उपयोग करणाऱ्या पाणपक्ष्यांच्याच १८२ जाती मोजण्यात आल्या आहेत. रानपाखरे त्यांखेरीज निराळी.

हे वेळापत्रक काही वर्षी विस्कटते. पाऊस कार्तिकापर्यंत रेंगाळतो, रब्बीची पेरणी खोळंबते, तळी काठोकाठ भरलेली असूनही त्यांवर बदके दिसत नाहीत आणि भोरड्यांचे थवे मात्र एखाद्याच शेतावर तुटून पडतात. ‘यंदा पाखरेच आली नाहीत’ किंवा ‘यंदा पाखरांनी ज्वारी ठेवली नाही’ अशी परस्परविरुद्ध तक्रार एकाच तालुक्यात ऐकू येते. दोन्ही तक्रारी खऱ्या असू शकतात. त्यांचे मूळ एकच, बिघडलेल्या हवेत आहे. ते समजून घेतल्यास पिकाची राखण व कीडनियंत्रण ह्या दोन्ही कामी त्याचा उपयोग होतो.

निघण्याची वेळ कशी ठरते?

थंडी पडली म्हणून पक्षी निघतात, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच बरोबर आहे. कॅनडातील एडमंटन येथे विल्यम रोवन ह्या प्राणिशास्त्रज्ञाने १९२० नंतरच्या दशकात चिमणीएवढ्या जुंको पक्ष्यांवर केलेले प्रयोग ह्या बाबतीत प्रसिद्ध आहेत. त्याने काही पक्षी उघड्या पिंजऱ्यांत ठेवून ऐन हिवाळ्यात विजेच्या दिव्यांच्या साहाय्याने त्यांचा ‘दिवस’ थोडाथोडा वाढवीत नेला. बाहेर कडाक्याची थंडी असतानाही ह्या पक्ष्यांच्या शरीरात वसंत ऋतूत व्हावेत तसे बदल झाले, आणि सोडून दिल्यावर त्यांतील बरेचसे निघून गेले. ज्यांना जादा उजेड मिळाला नव्हता ते सोडल्यावरही तेथेच घुटमळत राहिले. दिवसाची लांबी हीच पक्ष्याच्या शरीराला मिळणारी मुख्य सूचना होय, हे ह्यावरून स्पष्ट झाले.

शरदातही असेच घडते. दिवस लहान होऊ लागला की पक्षी अधाशासारखे खाऊ लागतात आणि कातडीखाली चरबी साठवितात. लांबच्या प्रवासाला निघणाऱ्या काही लहान पक्ष्यांचे वजन ह्या काळात जवळजवळ दुप्पट होते. ही चरबी म्हणजे वाटेची शिदोरी. मात्र शिदोरी बांधून झाल्यावर नेमक्या कोणत्या रात्री निघावयाचे हे हवेवर अवलंबून असते. आकाश निरभ्र, वारा पाठीमागून आणि पाऊस नाही अशी रात्र आली की हजारो पक्षी एकदम उठतात. वारा समोरून असला तर थांबून राहतात. थोडक्यात, महिना सूर्य ठरवितो आणि दिवस वारा ठरवितो. सूर्याचे वेळापत्रक कधी चुकत नाही. हवेचे चुकते, आणि तेथेच पक्ष्याची अडचण सुरू होते. त्याचे शरीर निघण्यास सिद्ध झालेले असते, पण वाट बंद असते. किंवा वाट मोकळी असते, पण मुक्कामाच्या ठिकाणी खावयास काही नसते.

वाटेतील आपत्ती

ह्याचे सर्वांत बोलके उदाहरण १९७४ सालच्या शरद ऋतूतील मध्य युरोपचे आहे. त्या वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस तेथे नेहमीपेक्षा फार लवकर थंडी आली. आल्प्स पर्वताच्या उत्तरेस दिवसेंदिवस थंड पाऊस पडत राहिला आणि डोंगरांवर बर्फ पडले. आफ्रिकेकडे निघालेल्या भिंगऱ्या पर्वताच्या अलीकडेच अडकल्या. भिंगरी दाणा खात नाही. हवेत उडणारे कीटक उडता उडता पकडून तीवर ती जगते. थंडी व पाऊस ह्यांमुळे कीटक उडेनासे झाले आणि तिचे अन्नच संपले. वजन जेमतेम वीस ग्रॅम असलेल्या ह्या पक्ष्याला असे काही दिवस सलग निघाले तरी ते प्राणघातक ठरतात. ऊब मिळावी म्हणून भिंगऱ्या गोठ्यांत, वळचणीखाली एकमेकींना चिकटून बसू लागल्या आणि बसल्या जागी मरू लागल्या. तेव्हा स्वित्झर्लंड, जर्मनी इत्यादी देशांतील लोकांनी, ज्यांत शेतकरी पुष्कळ होते, त्या गोळा करून खोक्यांत भरल्या आणि आगगाडीने, मोटारींनी व विमानाने पर्वतापलीकडे उबदार प्रदेशात नेऊन सोडल्या. अशा रीतीने काही लाख पक्षी हलविण्यात आले; तरीही मेलेल्यांची संख्या फार मोठी होती. त्यापूर्वी १९३१ सालीही अशाच अवेळी थंडीत ऑस्ट्रियातून हजारो भिंगऱ्या इटलीत पाठविण्यात आल्या होत्या. महाराष्ट्रात हिवाळ्यात तारांवर ओळीने बसलेली दिसते ती भिंगरी ह्याच जातीची. मात्र ती युरोपातून येत नाही, हिमालयातून व उत्तर आशियातून येते.

अगदी अलीकडचा दाखला २०२० सालचा आहे. अमेरिकेच्या पश्चिम भागात त्या वर्षी अवर्षण होते. डेन्व्हर शहरी ५ सप्टेंबरला पारा ३८ अंश सेल्सिअसपर्यंत चढला होता आणि ८ सप्टेंबरला तेथे बर्फ पडले. त्या सुमारास न्यू मेक्सिको व लगतच्या राज्यांत स्थलांतर करणारे लहान कीटकभक्षी पक्षी फार मोठ्या संख्येने मरून पडलेले आढळले. तपासणीत विषाची किंवा साथीच्या रोगाची खूण मिळाली नाही. बहुतेकांच्या अंगावर चरबी उरली नव्हती आणि छातीचे स्नायू झिजलेले होते; म्हणजे ते उपासाने मेले होते. अवर्षणामुळे शिदोरी आधीच अपुरी बांधली गेली होती आणि अकस्मात आलेल्या थंडीने उरलीसुरली शक्ती संपविली. एकट्या थंडीने झाले नसते इतके नुकसान दोन संकटे लागोपाठ आल्याने झाले, हे ह्या प्रकरणात ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

भारताकडे येणाऱ्या पक्ष्यांच्या वाटेत हिमालय उभा आहे. पट्टकादंब हा डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला राखी हंस तो ओलांडून येतो. त्याच्या पाठीवर यंत्रे बसवून केलेल्या अभ्यासात सुमारे ७,२९० मीटर उंचीपर्यंतचे उड्डाण नोंदले गेले. असे पर्वत ओलांडताना तो बहुधा रात्री किंवा पहाटे उडतो, कारण त्या वेळी हवा थंड, दाट व शांत असते. एवढी काळजी घेणारा पक्षी वादळी हवेत पर्वत चढत नाही. तो पलीकडील सरोवरांवर थांबून राहतो.

अमूर ससाण्याची गोष्ट याहून निराळी. दीडशे ग्रॅम वजनाचा हा लहान शिकारी पक्षी ईशान्य आशियातून निघतो, ऑक्टोबर-नोव्हेंबरात नागालँड-मणिपुरात उधईचे पंखवाले किडे खाऊन ताजातवाना होतो आणि मध्य व पश्चिम भारतावरून अरबी समुद्रात झेपावतो. सुमारे तीन हजार किलोमीटरचा तो समुद्र त्याला न थांबता ओलांडावा लागतो. ईशान्येकडून वाहणारा वारा पाठीशी असला तरच हे साधते. नेमक्या ह्याच महिन्यांत अरबी समुद्रात चक्रीवादळे उठतात. नागालँडमधील दोयांग जलाशयाच्या परिसरात २०१२ साली ह्या ससाण्यांची प्रचंड प्रमाणात शिकार झाली होती. पुढल्याच वर्षी तेथील गावकऱ्यांनी ती बंद केली. वादळावर गावाचा इलाज चालत नाही, जाळ्यांवर चालतो.

महाराष्ट्रात काय घडते?

नैर्ऋत्य मोसमी पावसाची परती वायव्य राजस्थानातून सुरू होते. तिची सर्वसाधारण तारीख पूर्वी १ सप्टेंबर धरली जाई. २०२० पासून हवामान खात्याने ती १७ सप्टेंबर केली आहे. महाराष्ट्रातून पाऊस साधारणतः ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात हटतो. तो हटला की आकाश स्वच्छ होते, वारा उत्तरेकडून वाहू लागतो आणि पक्ष्यांना पाठीमागून आधार मिळतो.

२०१९ साली ही परती सुरू होण्यासच ९ ऑक्टोबर उजाडला. तोपर्यंतच्या नोंदींत एवढा उशीर कधी झालेला नव्हता. त्यानंतर ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात अरबी समुद्रात ‘क्यार’ आणि लागलीच ‘महा’ अशी दोन चक्रीवादळे आली. महाराष्ट्रात काढणीस आलेले सोयाबीन, बाजरी व भात भिजले, कापसाची बोंडे काळी पडली, द्राक्षबागांवर रोग पडला. शेतकऱ्यांच्या त्या हानीपुढे पक्ष्यांची गोष्ट गौण वाटेल. परंतु त्याच पावसाने पुढील हंगामाची मांडणीही बदलली, आणि तिचा पक्ष्यांशी निकटचा संबंध आहे.

पहिली गोष्ट पाण्याची. पाणपक्ष्यांना पाणी हवे असते हे खरे, पण त्यांना उथळ पाणी हवे असते. तुतवार चिखलात आणि बोटभर पाण्यात चोच खुपसून किडे शोधतो. थापट्या आणि तलवार बदक मान बुडवून पोहोचेल तेवढ्याच खोलीवर चरतात. लांब पायांच्या रोहितालासुद्धा उभे राहून चरावयाचे तर गुडघाभर पाणी लागते. नेहमीच्या वर्षी भीमेवरील उजनीचे फुगवट्याचे पाणी किंवा पैठणचा नाथसागर हिवाळ्यात हळूहळू ओसरतो आणि काठचा गाळ उघडा पडतो. त्या गाळातील अळ्या, शिंपले व पाणवनस्पती हेच पक्ष्यांचे ताट. पाऊस लांबला की जलाशय डिसेंबरपर्यंत तुडुंब राहतात, गाळ पाण्याखाली जातो आणि भिगवणसारख्या प्रसिद्ध ठिकाणी पक्षी नेहमीच्या संख्येने दिसत नाहीत. ते मेलेले नसतात, की आलेच नाहीत असेही नसते. अशा वर्षी राजस्थान-गुजरातेतही डबकी भरलेली असतात, त्यामुळे बहुधा पुष्कळ पक्षी तेथेच रेंगाळतात. जे पुढे येतात ते गावतळी, पाझर तलाव, पाणथळ रान आणि भाताची खाचरे ह्यांवर पांगतात. म्हणून मोठ्या धरणावर पक्षी कमी दिसले एवढ्यावरून त्यांची संख्या घटली असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल.

अवर्षणाच्या वर्षी चित्र उलटे होते. २०१५ व २०१८ सारख्या वर्षी लहान तळी पौषापूर्वीच आटतात आणि सर्व पक्षी उरलेल्या थोड्या पाण्यावर गर्दी करतात. अशी दाटी रोगाला पोषक असते, आणि गावच्या कोंबड्या-बदके त्याच पाण्यावर उतरत असतील तर अधिकच.

भोरड्या आणि ज्वारी

ज्वारी पिकविणाऱ्या भागात सर्वांत अधिक तक्रार भोरड्यांची असते. गुलाबी अंग, काळे डोके व काळे पंख असलेल्या ह्या मैनेला पळसमैना असेही म्हणतात. मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशात जेथे टोळ व नाकतोडे माजतात तेथे ती हजारोंच्या वसाहती करते, महिन्या-दीड महिन्यात पिले वाढविते आणि जुलै-ऑगस्टपासूनच वायव्य भारतात उतरू लागते. तेथून पुढे महाराष्ट्रात पसरते. चीनच्या शिंज्यांग प्रांतात टोळांच्या बंदोबस्तासाठी तिला मुद्दाम बोलाविण्याकरिता दगडांची कृत्रिम घरटी बांधण्यात आली आहेत. म्हणजे तेथे जी शेतकऱ्याची साथीदार, तीच येथे हुरड्याच्या दिवसांत त्याची शत्रू ठरते. माघ-फाल्गुनात ती पळस, पांगारा व सावरीच्या फुलांतील मध पिते आणि परागीकरण करते, हे मात्र सहसा कोणी तिच्या जमेस धरीत नाही.

भोरडीने ज्वारीचे किती नुकसान करावे हे तिच्या संख्येपेक्षा पेरणीच्या तारखांवर अधिक अवलंबून असते. रब्बी ज्वारीची पेरणी सामान्यतः सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत उरकते. शिवारातील सारी ज्वारी मागेपुढे आठ-दहा दिवसांत चिकात आली, तर थवे सर्वत्र विभागले जातात आणि प्रत्येक शेताचा वाटा थोडका राहतो. पाऊस लांबला की उंचवट्यावरील हलकी राने लवकर वाफशावर येतात, खालची भारी काळी राने तीन-चार आठवडे पाय ठेवू देत नाहीत. पेरणी विस्कळीत होते. मग एक शेत हुरड्यात तर शेजारचे पोटरीत अशी अवस्था येते, पाखरांना दीर्घकाळ एकामागून एक ताजे ताट मिळत जाते, आणि सर्वांत आधी व सर्वांत शेवटी निसवलेल्या एकाकी शेतांवर साऱ्या थव्याचा भार पडतो. शेवटचे शेत बहुधा ज्याच्याकडे स्वतःची अवजारे व बैल नाहीत अशा लहान शेतकऱ्याचे असते, हेही विसरून चालणार नाही.

ह्यावर उपाय गावाने मिळून करावयाचा आहे. वाफसा येताच एका पट्ट्यातील शेतकऱ्यांनी सारख्या मुदतीचे वाण एकाच आठवड्यात पेरावे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी त्यासाठी बैल, पाभर वा ट्रॅक्टर पाळीपाळीने मिळण्याची व्यवस्था लावून द्यावी. ज्या शेतास फार उशीर झाला आहे त्यात ज्वारीचा आग्रह न धरता हरभऱ्याचा विचार करावा. राखण चिकापासून दाणा टणक होईपर्यंतच कडक लागते, आणि थवे सकाळी व दुपार कलल्यावर उतरत असल्याने त्या दोन वेळा सांभाळल्या तर निम्मे काम होते. माळ्यावरून गोफण, डबे आणि चमकणारी फीत ही साधने आलटूनपालटून वापरावी. एकच साधन रोज वापरल्यास पाखरे त्याला सरावतात. विषारी दाणे टाकणे सर्वस्वी वर्ज्य समजावे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये पाहुण्या पक्ष्यांची शिकार हा गुन्हा आहे. शिवाय तेच दाणे कोंबड्या, मोर आणि गुरे ह्यांच्याही पोटात जातात.

घाटेअळीच्या वेळी पक्षी नसले तर

हरभऱ्यावरील घाटेअळी ढगाळ, दमट हवेत वाढते. कीटक खाणारे पाहुणे मात्र त्याच हवेत मागे रेंगाळतात किंवा पांगतात. म्हणजे ज्या वर्षी अळी जास्त, त्याच वर्षी तिला टिपणारी चोच सुरुवातीच्या दिवसांत कमी, असा दुहेरी तोटा संभवतो. नेहमीच्या वर्षी घाबरून फवारणी करू नये असे सांगितले जाते. लांबलेल्या पावसाच्या वर्षी तो सल्ला तसाच राहतो, परंतु पाहणी अधिक वेळा करावी लागते. कळी लागल्यापासून आठवड्यातून दोनदा ओळीने फिरून झाडे तपासावी, निंबोळी अर्काची फवारणी वेळेवर करावी आणि अळी नुकसानीच्या पातळीवर गेल्यावाचून रासायनिक औषध हाती घेऊ नये.

बाहेरचे पक्षी उशिरा येणार असले तरी गावचे पक्षी कोठे जात नाहीत. कोतवाल, साळुंकी, वेडा राघू आणि गायबगळा ह्यांना बसण्यास जागा दिली तर ते उणीव बरीच भरून काढतात. हेक्टरी सुमारे पन्नास पक्षीथांबे, म्हणजे पिकाहून हातभर उंच, आडवी काडी बांधलेल्या तुराट्या, शेतात रोवाव्या. हरभरा पेरतानाच त्यात मूठभर ज्वारी टाकल्यास तीच ताटे पुढे थांब्याचे काम करतात. दाणे भरू लागल्यावर थांबे काढून घ्यावेत.

भोवत्ये हे जमिनीलगत तरंगत जाणारे लांब पंखांचे शिकारी पक्षी माळरानावर नाकतोडे व उंदीर टिपतात. माळ पेटविण्याची रीत सोडली तर त्यांच्यासाठी निराळे काही करावे लागत नाही.

थकलेले व मेलेले पक्षी

वादळानंतर किनारपट्टीवर समुद्रपक्षी आणि देशावर थकलेले ससाणे, भिंगऱ्या जमिनीवर बसलेल्या आढळतात. असा पक्षी कापडात अलगद धरून भोके पाडलेल्या खोक्यात, अंधारात व शांत जागी ठेवावा. चोचीत बळेच पाणी ओतू नये. पुष्कळ पक्षी त्यानेच दगावतात. कुत्र्यामांजरांपासून तो जपावा आणि वनरक्षकास कळवावे. पायात धातूचे कडे असल्यास त्यावरील क्रमांक जसाच्या तसा उतरवून घ्यावा. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे नाव त्यावर असेल तर तिला कळविल्याने त्या पक्ष्याचा प्रवास उलगडतो. जिवंत पक्ष्याचे कडे काढू नये.

एकाच जागी अनेक पक्षी मेलेले आढळले तर मात्र त्यांस हात लावू नये. उपासाने मेलेला पक्षी आणि बर्ड फ्लूने मेलेला पक्षी नुसत्या नजरेने वेगळे ओळखता येत नाहीत. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे व २०२१ च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे हा रोग कोंबड्यांत आढळून पक्षी मोठ्या प्रमाणावर नष्ट करावे लागले. तेव्हा जागेपासून मुले व कोंबड्या दूर ठेवून त्याच दिवशी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास वर्दी द्यावी.

गावची नोंदवही

हवा आणि पक्षी ह्यांचा संबंध एका वर्षाच्या आठवणीवरून कळत नाही. ग्रामपंचायतीत पर्जन्यमानाच्या नोंदीशेजारीच एक वही ठेवावी. परीट, भिंगरी, भोरडी, थापट्या आणि भोवत्या ह्या पाच ओळखीच्या पक्ष्यांची प्रथमदर्शनाची तारीख, त्या दिवशीची वाऱ्याची दिशा, शेवटचा पाऊस केव्हा पडला, गावतळ्याचा किती गाळ उघडा होता आणि शिवारात कोणते पीक कोणत्या अवस्थेत होते, एवढेच तीत लिहावे. शाळेतील मुलांकडून हे काम चांगले होते. दिसलेली तारीख अंदाजाने भरू नये. ज्या वर्षी एखादा पक्षी दिसलाच नाही, त्या वर्षी त्याच्या नावापुढे तसे स्पष्ट लिहून ठेवावे.